कुरसाओचे पीजे२टी निकालात वर का दिसते, आणि कोकणच्या किनाऱ्याला त्यातले काय लागू पडते

प्रश्न थोडक्यात असा आहे: सीक्यू वर्ल्डवाइड ही हॅमची, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटरांची, जगभर जास्तीत जास्त संपर्क करण्याची स्पर्धा; तिच्या निकालात कॅरिबियन समुद्रातल्या ठरावीक स्टेशनांची चिन्हे (कॉलसाइन) पुन्हा पुन्हा वर दिसतात, त्यांत कुरसाओ बेटावरचे पीजे२टी असते. या स्टेशनचा इतिहास काय? चहूबाजूंना खारे पाणी आहे म्हणून हे जमते का? आणि रत्नागिरीच्या बाजूला समुद्रालगत जागा मिळू शकणाऱ्या तुम्हा तिघा मित्रांनी त्यातून काय घ्यावे?

खाऱ्या पाण्याचा मुद्दा सगळ्यांच्या तोंडी असतो, म्हणून आधी तोच बाजूला करतो. कुरसाओ हे वायव्य-आग्नेय पसरलेले लांबट बेट आहे, अंदाजे १२ अंश उत्तर आणि ६९ अंश पश्चिम. पीजे२टी ज्या जागेवर आहे तिला सिग्नल पॉइंट म्हणतात. ती बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावर आहे. तिथून न्यूयॉर्क जवळजवळ सरळ उत्तरेला आणि पश्चिम युरोप साधारण ४० अंशांवर येतो. म्हणजे ज्या दोन दिशांकडून सर्वाधिक संपर्क यायचे, त्या दोन्ही दिशांना सिग्नल आधी बेटाच्या जमिनीवरून जातो आणि पलीकडचा समुद्र नंतर येतो. तरीही स्टेशन वर आहे. याचा अर्थ समुद्राचा उपयोग नाही असा नव्हे, पण यशाचे मुख्य कारण दुसरीकडे शोधावे लागते. माझ्या मते ते तीन ठिकाणी आहे: स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत, आयनोस्फिअरमध्ये (रेडिओलहरी परत खाली वळवणारा वातावरणाचा वरचा भाग), आणि वर्षानुवर्षे गंजाशी चाललेल्या देखभालीत. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते.

नियमापासून सुरुवात करू. सीक्यू वर्ल्डवाइड १९४८ पासून चालते. व्हॉइसचा भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, मोर्सचा नोव्हेंबरच्या. प्रत्येकी ४८ तास. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनशी संपर्क झाला तर ३ गुण, त्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी १ गुण, स्वतःच्या देशात ० गुण. याला एकच अपवाद आहे: उत्तर अमेरिका खंडातल्या दोन वेगळ्या देशांच्या संपर्काला २ गुण. या गुणांच्या बेरजेला मल्टिप्लायरने गुणायचे. प्रत्येक बँडवर (लहरींच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यावर) मिळालेला प्रत्येक नवा झोन (स्पर्धेसाठी जगाचे पाडलेले विभाग) आणि प्रत्येक नवा देश हा एकेक मल्टिप्लायर. बँड सहा: १.८, ३.५, ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ.

आता नकाशा पाहा. जमैका, अँटिग्वा, बार्बाडोस ही बेटे उत्तर अमेरिकेत मोजली जातात. अरूबा, बोनेर, कुरसाओ ही व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतची तीन बेटे दक्षिण अमेरिकेत मोजली जातात. त्यामुळे अमेरिकेतल्या त्याच हॅमशी झालेला तोच संपर्क जमैकाला २ गुण देतो आणि कुरसाओला ३. समजा दोन्हीकडे ८,००० संपर्क झाले, त्यांतले ४,५०० उत्तर अमेरिकेशी आणि ३,५०० इतर खंडांशी. कुरसाओचे गुण २४,०००, जमैकाचे १९,५००. मल्टिप्लायर दोघांचे ८०० धरले तर १ कोटी ९२ लाख आणि १ कोटी ५६ लाख. ऑपरेटर, अँटेना, रेडिओ सगळे सारखे असूनही हा फरक पडतो. अटलांटिकच्या पूर्वेला मदैरा, कॅनरी बेटे आणि केप व्हर्दे यांनाही असाच लाभ आहे: ती आफ्रिकेत मोजली जातात, म्हणून शेजारचा युरोप आणि समोरची अमेरिका दोन्ही ३ गुणांचे. स्पर्धेसाठी बेट निवडणारे लोक आधी खंडाची सीमारेषा पाहतात, नंतर किनारा.

दुसरे कारण अंतराचे. कुरसाओपासून न्यूयॉर्क सुमारे ३,२०० किलोमीटर. आयनोस्फिअरच्या एफ२ थरावरून एका उडीत साधारण ४,००० किलोमीटरपर्यंत जाता येते, म्हणून अमेरिकेचा दाट वस्तीचा पूर्व किनारा एका उडीच्या आत बसतो. सिग्नल जोरदार येतात, १०० वॅट आणि साधी तार असलेला हॅमही ऐकू येतो, आणि सर्वांत जास्त हॅम कुणाकडे असतील तर ते अमेरिका, युरोप आणि जपानकडे. कुरसाओहून लॉस एंजेलिस ३०५ अंशांवर, जपान ३३० च्या आसपास, युरोप ४० ते ४५ वर. सगळा बाजार शंभर अंशांच्या एका पट्ट्यात येतो, त्यामुळे अँटेना फिरवण्यात वेळ जात नाही. शिवाय विषुववृत्ताजवळ एफ२ थराची घनता जास्त असते. सूर्यडागांच्या मंद वर्षांतही २१ आणि काही वेळा २८ मेगाहर्ट्झ तिथे उघडे राहतात, तेव्हा उत्तरेकडची स्टेशने १४ वरच गर्दी करून बसलेली असतात.

आता इतिहास, कारण प्रश्न मुळात त्याचा आहे. सिग्नल पॉइंटचे स्टेशन एका अमेरिकन हौशी ऑपरेटरने उभे केले. त्याने तिथे घर केले आणि पीजे९जेटी हे चिन्ह कित्येक वर्षे, विशेषतः मोर्सच्या स्पर्धांत, गाजवले. तो काळ एका माणसाच्या स्टेशनचा होता: एक ऑपरेटर, कागदी लॉग, आणि पुन्हा तोच संपर्क होऊ नये म्हणून शेजारी ठेवलेला हाताने भरायचा तक्ता. २००० च्या सुमारास हे घर आणि स्टेशन कॅरिबियन कॉन्टेस्टिंग कन्सोर्शियम या गटाने विकत घेतले, आणि तिथून पीजे२टी हे चिन्ह सुरू झाले. माझ्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा मालकी-बदल आहे. एका माणसाचे बेटावरचे स्टेशन त्याच्या वयाबरोबर थकते. टॉवरवर चढणारा थांबला की दोन-तीन वर्षांत अँटेना खाली येतात. गटाने घेतल्यावर खर्च वाटला गेला, कामासाठी येणारे हात वाढले, आणि स्पर्धेखेरीजच्या दिवसांत इतर हॅमना घर भाड्याने देऊन उत्पन्नाची सोय झाली.

राजकीय घडामोडींचाही या इतिहासात थेट हात आहे. अरूबा १ जानेवारी १९८६ रोजी नेदरलँड्स अँटिल्समधून वेगळे झाले आणि डीएक्ससीसी यादीत (हॅम लोक देश मोजतात ती यादी) पी४ या चिन्हाने स्वतंत्र देश झाला. कुरसाओ आणि बोनेर मात्र हॅमच्या यादीत एकच राहिले. मग १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिल्स बरखास्त झाले. स्थानिक मध्यरात्री, म्हणजे ०४:०० यूटीसीला, कुरसाओ पीजे२, बोनेर पीजे४, सिंट युस्टेशियस आणि साबा पीजे५ व पीजे६ मिळून एक, आणि सिंट मार्टेन पीजे७ असे चार नवे देश यादीत आले. जगातल्या प्रत्येक हॅमला त्या क्षणी हे चारही नव्याने हवे होते, आणि तीनच आठवड्यांनी, ३० आणि ३१ ऑक्टोबरला, सीक्यू वर्ल्डवाइडचा व्हॉइस भाग होता. कायमस्वरूपी स्टेशन असण्याचा फायदा अशा वेळी कळतो. तात्पुरत्या मोहिमेला परवाने, तिकिटे आणि सामान जमवावे लागते. ज्याचे टॉवर उभे आहेत त्याला फक्त स्विच चालू करायचा असतो.

टॉवर उभे राहण्यामागे हवामानाचाही वाटा आहे. अरूबा, बोनेर, कुरसाओ ही बेटे चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. पूर्णपणे सुरक्षित नाहीत, पण थेट तडाखा विरळा. याउलट त्याच डच राज्यातल्या सिंट मार्टेनवर ६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा पाचव्या श्रेणीच्या ताकदीने धडकले, आणि दोनच आठवड्यांनी मारिया पोर्तो रिकोवर गेले. ज्या बेटावर दर दहा-पंधरा वर्षांनी सगळे भुईसपाट होऊ शकते, तिथे शहाणा माणूस कायमचे मोठे टॉवर लावत नाही. तो पेटीतून नेता येतील अशा अँटेना नेतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जमैकातून ६वाय२ए या चिन्हाने आलेल्या गटाने हेच केले: टॉवर नाहीत, यागी (आडव्या दांड्यांची, एका दिशेला रोखायची अँटेना) नाहीत, पाण्याच्या काठावर उभ्या केलेल्या व्हर्टिकल, म्हणजे उभ्या दांडीच्या, अँटेना. त्यांच्या निकालांनी खाऱ्या पाण्याचे खरे महत्त्व सगळ्यांना पटले. म्हणजे बेटावरच्या स्टेशनांच्या दोन वेगळ्या परंपरा आहेत: एक पीजे२टीसारखी, उंच यागी आणि कायमची देखभाल, दुसरी ६वाय२एसारखी, काठावरची हलकी व्हर्टिकल. तुमचा निर्णय या दोहोंतून करायचा आहे.

व्हर्टिकल काठावर का चालते ते आकड्यांत सांगतो. समुद्राच्या पाण्याची वाहकता ४ ते ५ सीमेन्स प्रति मीटर, साध्या जमिनीची ०.००५ च्या आसपास. जवळजवळ हजारपट फरक. साध्या जमिनीवर उभ्या ध्रुवीकरणाचा सिग्नल क्षितिजापासून १५ अंशांच्या खाली परावर्तनात मार खातो. समुद्रावर हा मार एखाद्या अंशाच्याही खाली ढकलला जातो, म्हणून दूरच्या संपर्काला लागणारे ३ ते १० अंशांचे किरण शाबूत राहतात. आडव्या यागीला हा फायदा फारसा मिळत नाही. तिचा कोन उंचीने ठरतो. १४ मेगाहर्ट्झला एक तरंगलांबी, म्हणजे २१ मीटर उंचीवर, तिचा मुख्य किरण साधारण १४ ते १५ अंशांवर असतो. म्हणून काठावरची पाच मीटरची व्हर्टिकल उंच टॉवरवरच्या यागीला लांबच्या मार्गावर तुल्यबळ ठरू शकते. अट एकच: ज्या दिशेला बोलायचे त्या दिशेला पाणी जवळ हवे आणि पुढे निदान काही शे मीटर अखंड हवे. अर्ध्या तरंगलांबीपेक्षा आत सरकलात की लाभ भराभर घटतो. १४ साठी ती मर्यादा १० मीटर, ७ साठी २०.

आता कोकण. तुमच्याकडून युरोप (जर्मनी धरला तर) ३१८ अंशांवर येतो आणि न्यूयॉर्क ३३३ वर. रत्नागिरी ते अलिबाग किनाऱ्याची सर्वसाधारण रेषा ३४६ अंशांची आहे. म्हणजे युरोपचा मार्ग किनाऱ्यापासून जेमतेम २८ अंश बाहेर, समुद्रावरून; न्यूयॉर्कचा फक्त १३ अंश बाहेर. म्हणून जागा पाहताना पश्चिमेला किती सुंदर समुद्र दिसतो याला महत्त्व नाही. वायव्येला पुढे आलेले डोंगराचे टोक आड येते का, ते पाहायचे. उत्तरेचे टोक आडवे असेल तर तुमचा समुद्र अरबस्तान आणि आफ्रिकेच्या कामाचा, युरोपच्या नाही. होकायंत्र घेऊन ३१० ते ३३५ हा पट्टा मोकळा आहे का, एवढेच आधी तपासा. हा पट्टा मोकळा असेल तर जागा फार चांगली आहे, कारण भारतातून युरोपच्या प्रत्येक संपर्काला ३ गुण मिळतात. जपान मात्र आशियात, म्हणून १ गुण; कुरसाओला जपान ३ गुणांचा आहे. ही तूट अँटेनाने भरून येत नाही. तेव्हा जगात पहिले येण्याचे ध्येय ठेवू नका. आशियात आणि भारतात वर येणे शक्य आहे.

काठावरच्या व्हर्टिकलसाठी कोकणात एक अडचण आहे जी कुरसाओला नाही: भरती-ओहोटी. तिथे पाणी जेमतेम तीसेक सेंटीमीटर वरखाली होते. रत्नागिरीला मोठ्या भरतीत दोन मीटरच्या आसपास. सपाट पुळणीवर ओहोटीला पाणी पन्नास-शंभर मीटर मागे जाते. ओली खारी वाळू बरीच वाहक असते, म्हणून लाभ पूर्ण जात नाही, पण अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते ते सांगणारे प्रमाण) दिवसातून दोनदा बदलतो. उपाय: रेडिअल, म्हणजे व्हर्टिकलच्या पायथ्यापासून आडव्या जाणाऱ्या तारा, जमिनीवर न टाकता उचलून बांधा. प्रत्येक बँडला दोन, समोरासमोर, सर्वांत मोठ्या भरतीच्या खुणेपासून निदान दीड-दोन मीटर वर. उभा भाग आणि प्रत्येक रेडिअल १४.०५ साठी सुमारे ५.१ मीटर, २१.०५ साठी ३.४, २८.०५ साठी २.५५, ७.०२ साठी १०.२. दहा सेंटीमीटर जास्त कापून सुरुवात करा आणि जागेवर आणा. कोअॅक्स, म्हणजे रेडिओपासून येणारी केबल, अँटेनाला जोडली जाते तिथे तिच्यावर चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी) लागतोच. तो नसेल तर कोअॅक्सची बाहेरची बाजू तिसरे रेडिअल होते आणि सगळी मापे चुकतात.

पुळण नसून सडा असेल तर विचार उलटा करा. समुद्राकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या सड्यावर आडवी यागी चांगली चालते, कारण उतारामुळे किरणाचा कोन आपोआप खाली येतो. तिथे १२ ते १५ मीटरचा टॉवर सपाट जागेवरच्या २० मीटरचे काम करू शकतो. किती, ते उताराच्या तीव्रतेवर अवलंबून. जांभा मात्र विजेच्या अर्थिंगला वाईट. एका सळईवर भागत नाही. टॉवरच्या पायाभोवती तांब्याच्या पट्टीचे कडे, त्याला तीन-चार मीटर अंतरावर सळया, आणि घरात येणाऱ्या सगळ्या केबली एकाच पत्र्यावर आणून तो पत्रा त्याच कड्याला जोडणे, असे करावे लागते. किनारा-नियमन क्षेत्राची मर्यादा आणि स्थानिक परवानगी जागेनुसार बदलते. खड्डा खणण्यापूर्वी ती कागदावर हातात हवी.

आता देखभाल. बेटावरच्या स्टेशनांकडून शिकायचे ते इथे आहे. कुरसाओत पाऊस वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर, पण पूर्वेचा व्यापारी वारा बारा महिने मीठ आणून टाकतो आणि ते धुवायला पाऊस नसतो. कोकणात पाऊस सहापट, म्हणून मीठ धुतले जाते, पण चार महिने प्रत्येक सांध्यात पाणी असते. दोन्हीकडे धातू मरतो, वेगवेगळ्या ठिकाणी.

टॉवर पोकळ पायांचा असेल तर तो आतून गंजतो. पायाशी पाणी निघायला छिद्र असते. काँक्रीट ओतताना ते बुजले की पाणी आत साठते आणि गॅल्व्हनाइज्ड बाहेरून चकचकीत दिसत असताना पाया आतून कागद होतो. पाया खडीवर टेकवा, छिद्रे मोकळी ठेवा, आणि दर वर्षी तळाच्या दोन मीटरवर हातोडीने हलके ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर चढू नका. ताणाच्या पोलादी तारा समुद्राजवळ सर्वांत आधी जातात, तेही टोकाच्या पकडीत, जिथे मीठ अडकते. वरच्या भागासाठी अॅरामिड गाभ्याचा, विद्युतरोधक दोर वापरा आणि खाली हाताच्या उंचीपर्यंतच पोलाद ठेवा, म्हणजे खराब होणारा भाग जमिनीवरून बदलता येतो. ताण तुटण्याच्या भाराच्या १० टक्के: ३/१६ इंच उच्च ताकदीच्या तारेला हा भार सुमारे १,८०० किलो, म्हणून ताण १८० किलो. टर्नबकलमधून (तार ताणायच्या फिरकीमधून) सुरक्षेची तार आठाच्या आकारात ओवलेली नसेल तर वाऱ्याच्या कंपनाने तो उलटा फिरून सुटतो.

अॅल्युमिनियमच्या नळ्या एकमेकींत सरकवण्यापूर्वी सांधे काचकागदाने घासून वाहक पेस्ट लावा. नट-बोल्ट ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्या, ३०४ नको. समुद्राजवळ ३०४ वर वर्षभरात तांबूस ठिपके येतात. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना अँटी-सीझ लावलेच पाहिजे, नाहीतर आटे चिकटतात आणि पुढच्या वेळी बोल्ट तोडावा लागतो. वारा कायम एकाच बाजूने असेल तर मास्ट (अँटेना धरणारा वरचा दांडा) रोटेटरच्या, म्हणजे अँटेना फिरवणाऱ्या मोटरच्या, पकडीत हळूहळू सरकतो आणि दाखवलेली दिशा खोटी होते. मास्टमधून आरपार पिन घाला.

सर्वांत जास्त डीबी (डेसिबल, सिग्नलच्या शक्तीतली घट-वाढ मोजायचे एकक) मात्र कोअॅक्समध्ये हरवतात, आणि ते कळत नाही. ओल शिरलेली केबल एसडब्ल्यूआर मीटरवर सुधारल्यासारखी दिसते, कारण परतणारी शक्ती वाटेतच जिरते. म्हणून अँटेनाचा एसडब्ल्यूआर चांगला आहे यावर विश्वास ठेवायचा नाही. वर चढून केबल अँटेनापासून सोडा, टोक उघडे ठेवा, खालून अॅनालायझर लावा. निर्दोष केबलवर एसडब्ल्यूआर फार मोठा दिसायला हवा. तो ३:१ दिसला तर परतीचा तोटा ६ डीबी, म्हणजे एका दिशेचा ३ डीबी. तुमची निम्मी शक्ती केबलमध्ये गेली. हे माप प्रत्येक केबलसाठी पहिल्या दिवशी लिहून ठेवा आणि दर वर्षी त्याच बँडवर पुन्हा घ्या. कनेक्टर झाकताना आधी साध्या इलेक्ट्रिकल टेपचा एक थर, मग आपोआप एकजीव होणारी रबरी टेप, मग वरून पुन्हा चांगली विनाइल टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे पदर कौलांसारखे पडतात आणि पाणी बाहेरून ओघळते. पहिला थर यासाठी की उघडताना कनेक्टर स्वच्छ निघावा. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकते.

तिघे एकाच वेळी वेगवेगळ्या बँडवर बसणार असाल तर आणखी एक प्रश्न येतो. नियमाप्रमाणे सगळे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात हवेत, आणि बँड एकमेकांचे पटीतले आहेत: ७ ची दुसरी हार्मोनिक १४ वर, चौथी २८ वर. प्रत्येक रेडिओ आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये बँडपास फिल्टर (एकच बँड जाऊ देणारा) लागतो. तो शेजारच्या रिसीव्हरचे पुढचे टोकही वाचवतो. अॅम्प्लिफायरनंतर कोअॅक्सचा स्टब. ७ च्या फीडरवर (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलवर) टी जोडून पाव तरंगलांबीचा, टोकाला शॉर्ट केलेला तुकडा: आरजी-२१३ ला ०.६६ वेगगुणक धरून ७५ भागिले ७.०५ गुणिले ०.६६, म्हणजे ७.०२ मीटर. तो ७ आणि २१ ला अदृश्य राहतो, १४ आणि २८ ला शॉर्ट होतो. पंधरा सेंटीमीटर लांब कापा आणि १४.१ वर शून्य येईपर्यंत कमी करा. २५ डीबीच्या आसपास कपात मिळायला हवी. मिळत नसेल तर स्टब दोषी नसतो, त्याची जागा चुकलेली असते: त्या ठिकाणी १४ चा प्रतिरोध आधीच कमी आहे. फीडरमध्ये ३.५ मीटर केबल वाढवून तीच जोडणी पुन्हा तपासा.

कुरसाओत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती तुम्हालाही लागू आहे. तिथे घरगुती वीज १२७ आणि २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ६० हर्ट्झसाठीच बनलेला अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ५० वर निदान २० टक्के जास्त चुंबकन प्रवाह ओढतो आणि तापतो. आपल्याकडे जुना अमेरिकन अॅम्प्लिफायर आणणाऱ्यांनी त्याच्या माहितीच्या पाटीवर ५०/६० लिहिले आहे का ते पाहावे. अर्थात स्पर्धेची मर्यादा १,५०० वॅट असली तरी भारतात जनरल ग्रेडच्या हॅम परवान्याला ४०० वॅट लागू आहेत, आणि किनाऱ्यावर ते पुरतात.

वेळापत्रक कोकणाला अनुकूल आहे. भारतीय वेळेने स्पर्धा शनिवारी पहाटे ५:३० ला सुरू होते आणि सोमवारी त्याच वेळी संपते. पाऊस संपल्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उभारणीला तीन-चार आठवडे मिळतात. मग नोव्हेंबरचा मोर्स भाग, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिका-कॅनडाशीच संपर्क मोजणारी, अमेरिकन हॅम संघटनेची एआरआरएल डीएक्स स्पर्धा. उतरवणे मात्र मेच्या पहिल्या आठवड्यात करा, अखेरीस नको: निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ आले, पण तौक्ते २०२१ मध्ये मेच्या मध्यावरच कोकण किनाऱ्याजवळून गेले. म्हणून मी तिघांच्या स्टेशनला झुकवून खाली आणता येणारा टॉवरच सुचवतो, कायमचा नाही.

पैशांबद्दल: कुरसाओचा गट इतकी वर्षे चालला कारण मालकी, खर्च आणि काम तीन्ही वाटलेले आहेत. तिघांत जागा एकाची असेल तर टॉवर कुणाचा, एक जण बाहेर पडला तर काय, वीजबिल कोण भरणार, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. आणि एक वही तिथेच ठेवा: कोणती केबल कुठे जाते, तिचा पहिला तोटा किती, काय बिघडले, काय बदलले, कोणता सुटा भाग संपला. पुढच्या ऑक्टोबरला येणारा माणूस तुमच्यापैकी कुणीही असला तरी त्याला ती वही वाचून काम सुरू करता आले पाहिजे.

लक्षद्वीप आणि अंदमानबद्दल विचारणारे भेटतील म्हणून इथेच लिहितो. दोन्ही डीएक्ससीसीत स्वतंत्र देश आहेत, व्हीयू७ आणि व्हीयू४. अंदमान तर सीक्यू झोन २६ मध्ये, मुख्य भूमी २२ मध्ये. चिन्ह दुर्मीळ असल्याने संपर्कांचा पूर येतो. पण तिथे प्रसारणाला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे आजवर तिथे मुख्यतः तात्पुरत्या मोहिमाच झाल्या. सर्वांत परिचित डिसेंबर २००४ ची, भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालची व्हीयू४आरबीआय. २६ डिसेंबरची त्सुनामी आली तेव्हा तेच स्टेशन पोर्ट ब्लेअरहून मदतीचे निरोप पाठवत होते. गुणांच्या बाबतीत मात्र दोन्ही आशियातच, म्हणून जपानचा १ गुण तिथेही १ च राहतो.

तुमच्या जागेबद्दल तीन गोष्टी कळवा: ३१० ते ३३५ अंशांत काय दिसते, भरतीच्या खुणेपासून जागा किती मीटर आत आणि किती मीटर वर आहे, आणि जमीन वाळू आहे की जांभा. त्यावरून व्हर्टिकल की यागी, आणि टॉवर किती उंच, हे नेमके सांगता येईल.